यंत्राचे विरजण

दही लावायला दही लागते. गृहिणीला यात काही नवल वाटत नाही. शेजारच्या घरून वाटीत चमचाभर विरजण आणले, कोमट दुधात कालवले, की सकाळी दही तयार. पण जगातले पहिले दही कशाने लागले असेल, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला म्हणजे आईची पंचाईत होते. गणकयंत्राचेही नेमके असेच आहे. सांगितल्याखेरीज ते काही करीत नाही. आणि सांगितलेले ऐकून कसे घ्यायचे, हेसुद्धा त्याला अगोदर कोणीतरी सांगावे लागते. मग ते पहिले सांगणे यंत्राच्या पोटात जावे तरी कोणत्या वाटेने?

प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो खरा. परंतु दिवाळीच्या सुट्टीत ज्या घरातल्या मुलाने बाजारातून सुटे भाग आणून आपल्या हातांनी संगणक जुळवला असेल, त्या घरात तो फारच व्यावहारिक रूप घेऊन उभा राहतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर अक्षरेही उमटतात. आता ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, कागद कोणत्या फडताळात ठेवायचे, हे सारे त्याने पाहायचे. पण कारभाऱ्याला आत घेऊ लागावे, तो यंत्र म्हणते की या घरात डिस्कच नाही! डिस्क तर डोळ्यांसमोर स्क्रूने घट्ट बसवलेली. मुलगा रडकुंडीला येतो, वडील दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतात, आणि दुकानदार कारभारी लिहिणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवून मोकळा होतो. या भांडणाला पंचाहत्तराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर अर्धे भांडण जागच्या जागी मिटते, असे माझे मत आहे; म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात होते. तेथे १९४८ साली फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी एक यंत्र उभे केले. ते होते भिंतभर, पण त्याला नाव पडले 'बेबी'. आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच स्मरणकोठीत ठेवून त्यांवर काम करणारे हे जगातले पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र. त्याची स्मरणकोठी म्हणजे टेलिव्हिजनच्या नळीसारखी एक काचेची नळी. तिच्यावर ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, एवढीच काय ती त्याची बुद्धी. आज्ञा आत घालायची रीत एकच: खटके दाबून एकेक ठिपका हाताने बसवायचा. आरंभीच्या प्रयत्नांत ठिपक्यांनी पडद्यावर नुसता थयथयाट मांडला. अखेर २१ जून १९४८ रोजी किलबर्ननी लिहिलेल्या १७ आज्ञा यंत्राने नीट पाळल्या आणि ५२ मिनिटे खपून २,६२,१४४ या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक बरोबर काढून दिला. शाळकरी मुलगा तो क्षणात सांगेल. अर्ध्याहून मोठा विभाजक असणार कुठून! पण परीक्षा गणिताची नव्हती, यंत्राची होती. आणि यंत्र चुकले तर दोष नळीत की आज्ञेत, असा वाद घालायला तेथे दुसरा पक्षच नव्हता. नळी त्यांचीच, आज्ञाही त्यांच्याच.

खरे विरजण मात्र पुढल्या वर्षी केंब्रिजमध्ये लागले. तेथील गणित प्रयोगशाळेचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी 'एडसॅक' नावाचे यंत्र बांधायला घेतले होते. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह, आणि स्मरणासाठी पाऱ्याने भरलेल्या पोलादी नळ्या, एकेक सुमारे पाच फूट लांब. पाऱ्यातून ध्वनीची स्पंदने या टोकाकडून त्या टोकाकडे धावायची, पोहोचली की पुन्हा पहिल्या टोकाला सोडायची. स्पंदने फिरत आहेत तोवर यंत्राला आठवण आहे. वीज गेली की सगळे विसरले. म्हणजे दर सकाळी हे अवजड यंत्र तान्ह्या मुलासारखे कोरे होऊन उठायचे. मँचेस्टरप्रमाणे दररोज खटके दाबीत बसावे, हे विल्क्सना मान्य नव्हते. यंत्र गणितज्ञांच्या, रसायनशास्त्रज्ञांच्या, खगोलवाल्यांच्या रोजच्या उपयोगाचे व्हायला हवे होते; खटक्यांशी झटापट करायला त्यांना कुठला वेळ?

यावर तोड काढली ती डेव्हिड व्हीलर या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने. त्याने अवघ्या ३१ आज्ञा लिहिल्या. त्यांना 'इनिशियल ऑर्डर्स', म्हणजे आरंभीच्या आज्ञा, असे नाव मिळाले. या आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंबर फिरवणारे जे स्विच असतात, तशा स्विचांत तारांनी कायमच्या जोडून टाकल्या. चालकाने बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मरणकोठीच्या पहिल्या ३१ घरांत जाऊन बसत आणि लगेच कामाला लागत. काम एकच: भोके पाडलेली कागदी फीत वाचायची, तिच्यावरचे अक्षर कोणते ते ओळखायचे, पुढचा साधा दशमान आकडा यंत्राच्या द्विमान भाषेत वळवायचा आणि जागच्या जागी ठेवून द्यायचा. अशी सारी फीत वाचून झाली की आरंभीच्या आज्ञा बाजूला होत आणि फितीवरचा कार्यक्रम यंत्राचा ताबा घेई. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापून दिले.

३१ आज्ञांची ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण माझ्या मते यंत्राच्या इतिहासात व्हॉल्व्ह आणि चिपा यांच्या तोडीची ही युक्ती आहे, आणि तिचे कौतुक मात्र त्या मानाने फारच थोडे झाले. यंत्राच्या अंगात जन्मजात असे थोडेसेच घालायचे, अगदी चमचाभर. आणि त्या चमच्याने बाकीचे घमेलेभर आत ओढून घ्यायचे. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांनी या क्रियेला 'बूटस्ट्रॅप' हे नाव दिले. बुटाच्या मागे तो पायात चढवण्यासाठी एक पट्टी असते. तीच धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलायचे, अशी अशक्य कसरत त्या शब्दात आहे. त्याचेच आखूड रूप म्हणजे आपल्या पोरांच्या तोंडी असलेला 'बूट' शब्द. आमच्या विरजणात तशी कसरत नाही, आणि अर्थ जास्त नेमका आहे, पण ते असो.

त्याच जूनमध्ये विल्क्सना दुसरा अनुभव आला. एअरीच्या समीकरणाचे कोष्टक करण्यासाठी त्यांनी एक कार्यक्रम लिहिला. फार मोठा नव्हे. सव्वाशेच्या आसपास ओळी. तो काही केल्या चालेना. फितीला भोके पाडायच्या खोलीतून यंत्राच्या खोलीत जाता-येता एकदा जिन्याच्या वळणावर त्यांना लख्ख दिसले की आपले उरलेले आयुष्य बरेचसे आपल्याच चुका वेचण्यात जाणार आहे. त्या कार्यक्रमाची एक जुनी फीत कित्येक वर्षांनी सापडली. तिच्यात वीसएक चुका निघाल्या. ज्याने यंत्र बांधले त्याचीच ही गत, तर मग दुसऱ्याने बांधलेल्या यंत्रावर तिसऱ्याचा कार्यक्रम चढवणाऱ्याची काय कथा!

मुंबईत या विद्येचा श्रीगणेशा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९५६ साली एक छोटे नमुना-यंत्र चालू झाले आणि त्याच्या अनुभवावर मोठे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले. २,७०० व्हॉल्व्ह आणि ४० द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची चुंबकी स्मरणकोठी, असा त्याचा सरंजाम होता. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. येथेही बांधणारे हात आणि बिघाड शोधणारे हात एकाच छपराखाली होते. हे छप्पर पुढे मोडले, आणि आपल्या मुलाच्या रडकुंडीचे मूळ तेथे आहे.

ते मोडले ते असे. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'ऑल्टेअर ८८००' या यंत्राचे चित्र झळकले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथील एड रॉबर्ट्स यांची कंपनी त्याचे सुटे भाग ३९७ डॉलरला टपालाने घरपोच पाठवीत असे. ज्याचे त्याने तापता डाग देऊन जोडून घ्यायचे. घरी जुळवायच्या संगणकाची ही लाट येथून उसळली. स्मरण २५६ बाइटचे, म्हणजे या लेखातला एक मध्यम परिच्छेदही त्यात मावायचा नाही. ना पडदा, ना कळफलक. समोर फक्त दिव्यांच्या आणि खटक्यांच्या रांगा. म्हणजे विरजण पुन्हा बोटांवर आले! खटके वर-खाली करून एकेक आज्ञा बसवायची, एखादा खटका चुकला तर दिव्यांकडे पाहून तो हुडकायचा, आणि वीज गेली की पहिल्यापासून.

हे यंत्र ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते अशा दोन तरुणांनी, बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी, त्यासाठी 'बेसिक' ही भाषा तयार करून देण्याचे अंगावर घेतले. हार्वर्ड विद्यापीठातील मोठ्या संगणकाला ॲलनने ऑल्टेअरचे सोंग घ्यायला लावले आणि त्या सोंगावर सगळी तालीम झाली. मार्चमध्ये कागदी फितीचे भेंडोळे घेऊन ॲलन विमानात बसला. विमान उतरू लागले तेव्हा त्याच्या लक्षात आले की फीत आहे, पण फीत आत ओढून घेणाऱ्या आज्ञा लिहायच्याच राहिल्या. दूध घेतले, विरजण घरी विसरले! त्याने तेथल्या तेथे कागदावर यंत्राच्या भाषेत त्या लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट्सच्या यंत्रावर खटके दाबून त्या बसवल्या, फीत लावली, आणि टेलिटाइपने खडखडत विचारले की स्मरण किती आहे. मग ॲलनने दोन अधिक दोन किती असे विचारले. यंत्राने चार असे छापले. सोंगावर केलेली तालीम सोंग उतरल्यावरही टिकली, हे अहोभाग्यच म्हटले पाहिजे. एवढे भाग्य नेहमी लाभत नाही.

याच सुमारास कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल हे नौदलाच्या विद्यालयातील प्राध्यापक दुसऱ्या बाजूने झटत होते. त्यांच्याजवळ आठ इंची फ्लॉपीचे एक डिस्कयंत्र होते, पण ते संगणकाला जोडणारे मंडळ त्यांना साधेना. अखेर जॉन टोरोड या मित्राने ते करून दिले आणि १९७४ साली किल्डॉल यांची 'सीपी/एम' ही ऑपरेटिंग सिस्टिम कागदी फितीवरून डिस्कवर उतरून पहिल्यांदा उठली. पुढे निरनिराळे कारखानदार आपापल्या यंत्रांसाठी ती मागू लागले. प्रत्येकाचे डिस्कयंत्र निराळे, तारा निराळ्या. दर वेळी सगळी सिस्टिम नव्याने लिहिण्याऐवजी किल्डॉलनी तिचे दोन भाग केले. मोठा भाग सर्वांना सारखा. आणि यंत्राच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावणारा लहान भाग वेगळा, तो ज्याचा त्याने लिहून घ्यावा. या लहान भागाला त्यांनी 'बायोस' म्हटले. हा उंबरठ्यावर उभा असलेला दुभाषी. कारभारी आतल्या भाषेत बोलतो, यंत्र बाहेरच्या. दुभाषी दोघांचे जमवून देतो. सोय मोठी झाली. पण या सोयीबरोबर घरात तिसरा माणूस आला, आणि ज्या घरात दुभाषी असतो तेथे चुकले कोण हे ठरवणे अवघड होऊन बसते.

त्याची पहिली मोठी परीक्षा १९८० च्या हिवाळ्यात झाली. आयबीएम ही बलाढ्य कंपनी फ्लोरिडातील बोका रेटन येथे घरगुती संगणक बांधत होती, आणि त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम पुरवायचे काम तिने गेट्स-ॲलन यांच्या मायक्रोसॉफ्टला दिले होते. मायक्रोसॉफ्टचे बिऱ्हाड सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यू येथे. नकाशा काढून पाहा, एक गाव अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात, दुसरे वायव्य कोपऱ्यात! शिवाय सिस्टिमही मायक्रोसॉफ्टची नव्हती. सिअ‍ॅटलजवळच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटर्सन या तरुणाने ती आपल्या कंपनीच्या यंत्रासाठी लिहिली होती, आणि तिचे पहिले नावच मुळी 'घाईगर्दीचे काम' अशा अर्थाचे होते. म्हणजे यंत्र एकाचे, सिस्टिम दुसऱ्याने तिसऱ्याच यंत्रासाठी लिहिलेली, आणि ती बसवणार चौथा.

तो चौथा माणूस म्हणजे बॉब ओ'रिअर. चांद्रमोहिमेच्या कामाचा पूर्वानुभव असलेला हा टेक्सासचा गणिती. आयबीएमचे नमुना-यंत्र बेलव्ह्यूला येऊन पोहोचले ते अत्यंत गुप्ततेच्या अटीवर. ते एका बिनखिडकीच्या, कोठीवजा लहान खोलीत ठेवायचे आणि दाराला सदैव कुलूप. यंत्राच्या उष्णतेने खोलीची भट्टी होई; पारा शंभर अंश फॅरनहाइटवर चढे. त्या उकाड्यात यंत्र मध्येच रुसे. आता ते रुसले ते उकाड्याने, कच्च्या जोडणीने, आयबीएमच्या बायोसमुळे, पॅटर्सनच्या आज्ञांमुळे, की स्वतः ओ'रिअरने केलेल्या फेरफारांमुळे? नमुना-यंत्र असल्यामुळे 'यंत्र तर शंभर टक्के बरोबर आहे' असे म्हणण्याची सोय नाही. सिस्टिम नवी, म्हणून तिच्यावरही भरवसा नाही. दोन्ही पाय डळमळीत असले म्हणजे माणसाने भार टाकावा तरी कोणत्या पायावर? फोनाफोनी, दुरुस्त्या, दोन्ही टोकांना पार्सलांची ये-जा, असे आठवड्यामागून आठवडे चालले. अखेर फेब्रुवारी १९८१ मध्ये एका मध्यरात्री डिस्क घरघरली आणि मी आज्ञेला तयार आहे असे सांगणारे चिन्ह पडद्यावर उमटले. आपल्या आयुष्यातील परमानंदाच्या क्षणांत ओ'रिअर त्या क्षणाची गणना करीत. ज्याने कोऱ्या यंत्रावर स्वतः सिस्टिम बसवली आहे, त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी तो संगणक जगापुढे आला. त्याच्या उठण्याची रीत त्या वेळी ठरली ती अशी. बायोस कायमच्या चिपेत कोरलेले. वीज आली की ते आधी अंग चाचपून पाही: स्मरण ठीक आहे ना, कळफलक आहे ना. सारे ठीक असले तर एक छोटीशी शीळ. नसले तर निराळ्या तालाच्या शिळा. मग ते डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलून स्मरणकोठीच्या ३१,७४४ क्रमांकाच्या घरात ठेवी आणि तेथे उडी मारी. हा आकडा कुठून आला? तर सिस्टिमला निदान ३२ किलोबाइट स्मरण हवे असे धरले होते. त्यातले शेवटचे एक किलोबाइट सोडायचे, म्हणजे ३१ गुणिले १,०२४. एवढा साधा हिशेब. पुढे हजारो पट स्मरण आले, तरी त्या पद्धतीने उठणाऱ्या यंत्रांनी ३१,७४४ क्रमांकाचे घर काही सोडले नाही. जुन्या वाड्यातला उंबरठा नव्या चाळीला लावावा तसे हे आहे.

मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची कायमची डिस्क आली आणि त्या ५१२ बाइटांत आणखी एक भाडेकरू शिरला. डिस्कच्या वाटण्या कशा केल्या आहेत याची नोंद ६४ बाइटांत, खूण म्हणून शेवटचे २ बाइट, आणि आज्ञांना उरले ४४६. वाटण्या चारच. जागेचा क्रमांक लिहायला ३२ द्विमान अंक. म्हणजे डिस्क फार तर सुमारे २ लाख २० हजार कोटी बाइटांची चालेल. १ कोटी बाइटांच्या डिस्कपुढे ही मर्यादा म्हणजे विहिरीवरच्या रहाटाला आकाशापर्यंत दोर बांधण्यासारखी होती! त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण २०१० च्या सुमारास ३ टेराबाइटच्या डिस्का बाजारात आल्या, आणि तो दोर अपुरा पडला.

मधल्या काळात आमच्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत नवी बाजारपेठ वसली. कॉम्पॅकने १९८२ साली आयबीएमच्या बायोसशी जुळणारे बायोस स्वतंत्रपणे लिहून दाखवले होते; १९८४ पासून फिनिक्स कंपनी तसे बायोस हवे त्या कारखानदाराला विकू लागली. मग काय, मदरबोर्ड तैवानचा, डिस्क सिंगापूरची, डबा कुर्ल्याचा, अशी यंत्रे 'असेम्बल्ड' या नावाने मध्यमवर्गीय घरांत येऊ लागली. ती स्वस्त पडत, आणि त्या स्वस्ताईपायी हजारो मुले हात काळे करून शहाणी झाली, हे मी लाभाच्या बाजूला मांडतो. परंतु हे सारे भाग जगात प्रथमच एकमेकांना भेटत ते त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर. बेलव्ह्यूची ती कोंडलेली खोली आता घरोघर आली.

तिच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. १९९५ साली विंडोज सीडीवर आली. पण सीडी वाचायची कशी हे सांगणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, बहुधा आधी फ्लॉपीवरून चढवावा लागे. सीडीवरून थेट उठण्याची रीत त्याच वर्षी ठरली. तिचे नाव 'एल टोरिटो', ज्या उपाहारगृहाच्या मेजावर ती शिजली त्याच्या नावावरून. २००१ च्या विंडोज एक्सपीने नवीच गंमत केली. बसवणूक सुरू होताच पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ येई: वेगळ्या प्रकारची डिस्क असेल तर एफ-६ दाबा. दाबले तर ड्रायव्हर मागे, आणि तोही फ्लॉपीवरच! पुढे नव्या यंत्रांत फ्लॉपीची खाच राहिली नाही तरी मागणी तीच. न दाबले, तर डिस्क सापडत नाही असा निरोप, नाहीतर निळा पडदा. किती जणांनी त्या पायी चांगल्या डिस्का दुकानात परत नेल्या असतील! त्याहून मासलेवाईक प्रकार २०१५ नंतर झाला. नव्या मदरबोर्डांवर फक्त नव्या जातीची यूएसबी उरली, आणि २००९ च्या विंडोज ७ ला ती ओळखता येईना. पडदा म्हणे पुढे जाण्यासाठी बटण दाबा. आणि कळफलक, माऊस दोन्ही निर्जीव. तोच कळफलक क्षणापूर्वी बायोसमध्ये उत्तम चालत होता, कारण तेथे दुभाषी वेगळा होता.

आपल्या मुलाची डिस्क दिसत नाही, ती याच कुळातली गोष्ट. २०२१ च्या सुमारापासून इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर डिस्कांचा कारभार 'व्हीएमडी' नावाच्या एका मध्यस्थाकडे सोपवलेला असतो. विंडोजच्या बसवणुकीला हा मध्यस्थ ठाऊक नसला, तर त्याच्या पाठीमागची डिस्क तिला दिसतच नाही. इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून द्यावा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन मध्यस्थाला रजा द्यावी, की डिस्क हजर! म्हणजे डिस्क चांगली, दुकानदार प्रामाणिक, मुलगाही हुशार. फक्त दोन ओळखी व्हायच्या राहिल्या होत्या.

दुसरा वारंवार घडणारा घोटाळा जुन्या आणि नव्या उंबरठ्यांचा. बायोसच्या जागी आणायची नवी व्यवस्था इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. २००५ पासून ती अनेक कंपन्यांनी मिळून 'यूईएफआय' म्हणून चालवली. हिच्याबरोबर वाटण्यांची नवी वही आली, 'जीपीटी'. तिच्यात चारांऐवजी १२८ वाटण्यांची सोय. पण जुन्याची ओढ सुटेना, म्हणून बरीच वर्षे मदरबोर्डांनी दोन्ही दारे उघडी ठेवली. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा 'यूईएफआय' असे बिरुद लावून. नव्या दाराने आत गेलात आणि डिस्कवर जुनी वही असली, तर विंडोज स्पष्ट नकार देते; जुन्या दाराने गेलात आणि डिस्कवर नवी वही असली, तरी नकारच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने सुरक्षेसाठी 'टीपीएम' हवेच असा हट्ट धरला; तेव्हा काल घेतलेली यंत्रेही अपात्र ठरली. बहुतेकांत ती सोय होती, नुसती बंद करून ठेवलेली.

एक प्रकार मात्र खऱ्या बिघाडाचा, आणि तो फसवा आहे. बसवणूक दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर मोडते. आज म्हणते अमुक फाइल खराब, उद्या म्हणते तमुक. माणूस पेनड्राइव्ह बदलतो, डिस्क बदलतो. दोष पुष्कळदा स्मरणाच्या पट्टीत असतो: फाइल चांगली आली, आणि ठेवल्या जागी बिघडली. जाणता कारागीर येथे काय करतो ते पाहा. दोन पट्ट्या असतील तर एक काढून ठेवतो. एकच डिस्क ठेवतो. जास्तीचे कार्ड, जास्तीची यूएसबी, सगळे उपटतो. जे राहिले ते चालले, की एकेक वस्तू परत जोडतो. ज्या वस्तूची खात्री दुसऱ्या यंत्रावर करून घेतली आहे ती घालून पाहतो. ओ'रिअरपाशी तशी एकही वस्तू नव्हती, म्हणून त्याला महिने लागले. आपल्यापाशी शेजाऱ्याचा संगणक असतो. नव्या मदरबोर्डांच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, स्मरण, पडदा आणि बूट. ज्या दिव्यावर यंत्र अडते तेथेच तपास सुरू करावा. जुन्या शिळेचीच ही मुकी वंशावळ.

प्रोसेसरांमध्येही हा वारसा मुरला आहे. इंटेलच्या कुळातला आजचा प्रोसेसर वीज येताच प्रथम १९७८ च्या ८०८६ या चिपेसारखा वागतो, १६ द्विमान अंकांचा हिशेब करतो, आणि मग पायरीपायरीने आपली खरी शक्ती अंगावर घेतो. हे सोंग आता पुरे, प्रोसेसरने पहिल्या क्षणापासून नव्या रूपातच उठावे, असा प्रस्ताव इंटेलने मे २०२३ मध्ये मांडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी तो मागे घेतला. त्यामुळे यंदाच्या सुट्टीत घरी जुळवलेल्या यंत्राचे बटण दाबाल, तेव्हा त्याच्यातला प्रोसेसर पहिल्या क्षणी ८०८६ होऊनच उठेल, आणि चिपेच्या अगदी शेवटच्या १६ बाइटांत ठेवलेली आपली पहिली आज्ञा उचलायला निघेल.